वरचं तिचं, खालचं माझं

माझी बायको माझ्यापेक्षा एका डोक्यानं उंच होती. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं तिला खुर्चीत बसवलं आणि मला शेजारी उभं केलं, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये. तरी ज्याला कळायचं त्याला कळायचंच, कारण बसूनही ती माझ्या खांद्यापर्यंत यायची.

आम्ही दोघं घरं रंगवायचो. कामाची वाटणी पहिल्याच घरी ठरली ती कायमची. छत, दारांच्या वरचा भाग आणि भिंतीचा वरचा अर्धा पट्टा तिचा. खिडक्यांच्या चौकटी, दारं, कोपरे आणि भिंतीचा खालचा अर्धा माझा. मधे दोघांचा रंग एकमेकांत असा मिसळायचा की कुणाचा हात कुठं थांबला ते आम्हालाही सांगता येऊ नये. घरमालकांना गंमत वाटायची. "शिडी नाही का आणली?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आणलीय की. घरचीच आहे, बोलतेसुद्धा." मग वरून माझ्या टकलावर रंगाचा एक थेंब पडायचा. "चुकून पडला हो," ती म्हणायची.

मुलगी माझ्यावर गेली. नाक-डोळे आईचे, चालणं आईचं, हट्ट तर आईचाच. फक्त उंची माझी. आणि या मुलीनं खेळ निवडला तो बास्केटबॉल.

शाळेत असताना तिला कुणी खेळायला घ्यायचं नाही. ती मैदानाच्या कडेला उभी राहून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायची, आणि देण्याआधी दोनदा टप्पे मारून घ्यायची. तेवढ्यावर शिकली. बॉल जमिनीलगत इतका खाली ठेवून पळायची की उंच मुलींना तो काढून घ्यायला कमरेतून वाकावं लागायचं, आणि त्या वाकेपर्यंत ही पुढं गेलेली असायची. कॉलेजात गेल्यावर टीममध्ये घेतलं ते याच गुणावर. तिथं तिला गार्ड केलं. गार्डचं काम म्हणजे बॉल पुढं आणायचा, कुणाला द्यायचा ते ठरवायचं, आणि वाट मिळाली की स्वतः मारायचा. टीममधल्या मुलींनी तिचं नाव पावशेर ठेवलं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं आता रडणार. आई म्हणाली, "पावशेर का होईना, वजनात तरी धरलं." दोघी हसत बसल्या.

खरी अडचण बॉल मारण्याची होती. समोर उंच मुलगी हात वर करून उभी राहिली की हिचा बॉल तिच्या हातातच जायचा. मग बायकोनं तोड काढली. आमच्या इमारतीच्या मागं पाण्याच्या टाकीची उंच भिंत आहे. तिथं तिनं एका जुन्या पिंपाची गोल लोखंडी कडी बास्केट म्हणून बरोबर मापावर ठोकून बसवली. आणि छत रंगवायची आपली लांब दांडी घेऊन मुलीच्या समोर उभी राहिली. दांडीच्या टोकाला रोलर आणि रोलरला ओला रंग.

"रंग कशाला?" मी विचारलं.

"भांडण नको म्हणून. ही म्हणणार लागला नाही, मी म्हणणार लागला. बॉलवर डाग दिसला की विषय संपला."

खेळ सुरू करण्याआधी ती कडीच्या बाजूला भिंतीजवळ जायची, हात पूर्ण ताणून दांडी उभी धरायची आणि रोलर भिंतीवर एकदा टेकवायची. जास्तीचा रंग निघून जावा, डोक्यावर ठिबकू नये म्हणून. मग म्हणायची, "हं, ये. पण एक लक्षात ठेव. तू आता वाढणार नाहीस, बापावर गेलीस. म्हणून बॉलला वाढव."

ज्या घराचं काम चालू असेल त्याचा उरलेला रंग रोलरला. कधी मोरपंखी, कधी फिकट गुलाबी. बॉल कायम ठिपक्यांचा. कॉलेजात मुली विचारायच्या, "तुझ्या बॉलला कांजिण्या झाल्यात का?" ती दांडी काही एका जागी उभी राहणारी नव्हती. बायको पुढं यायची, बाजूला सरकायची, मधेच रोलर खाली आणून पोरीच्या केसांना रंग लावायची. मी पायरीवर बसून ब्रश धुवायचो आणि बघायचो. पहिल्या वर्षाच्या शेवटी बॉलवर नवा डाग सापडेनासा झाला. हात वर गेला की बॉल आधी आभाळाकडं जायचा, वर जरा थांबल्यासारखा व्हायचा आणि मग कडीत उतरायचा.

त्यानंतर बायको आजारी पडली आणि गेली. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. ताप आला, तो छातीत उतरला, आणि दवाखान्यात ज्या खाटेवर तिला ठेवलं होतं ती तिला आखूड पडायची. तिचे पाय बाहेर यायचे. मी त्यावर पांघरूण घालत बसायचो. एवढंच मला रोज दिसतं.

नंतर मी कामावर जायचं सोडलं. अंथरुणात पडून छताकडं बघायचो. ते छत तिनंच रंगवलेलं. मुलगी कॉलेजला जायची, येऊन स्वयंपाक करायची, माझ्यापुढं ताट ठेवायची. बॉल पलंगाखाली होता. तो तिनंही काढला नाही, मीही विचारलं नाही. माझी बहीण येऊन राहिली थोडे दिवस. ती पोरीला म्हणाली, "आता तरी पुरे कर ते उड्या मारणं. बापाकडं बघ." ते मी आतून ऐकलं. संध्याकाळ झाली होती. मी उठलो, माळ्यावरून दांडी काढली, डब्यात तळाला थोडा पिवळा रंग होता त्यात रोलर बुडवला आणि मागं जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. बायको करायची तसा हात ताणला, दांडी उभी धरली, रोलर भिंतीवर टेकवला. पोर दारात आली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग आत जाऊन बॉल घेऊन आली.

तेव्हापासून आम्ही रोज खेळू लागलो. मी कामावरही जाऊ लागलो. वरच्या भागासाठी शिडी विकत आणली. संध्याकाळी घरी आलो की दांडी आणि बॉल. मला बायकोसारखं पळता येत नव्हतं, पण मी मनापासून उभा राहायचो. आणि बॉलवर डाग पडत नव्हता. एकदाही नाही. मी बॉल हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघायचो आणि म्हणायचो, "स्वच्छ! आईला कळलं असतं तर खूश झाली असती." पोर मान हलवायची.

कॉलेजची मॅच बघायला मी बायकोशिवाय पहिल्यांदा गेलो तो दिवस अजून आठवतो. मला वाटलं होतं, आज आपली पोर गाजवणार. पहिलाच बॉल तिनं मारला, समोरच्या मुलीनं माशी हाकलावी तसा हात हलवला आणि बॉल प्रेक्षकांत आला. माझ्या पायाशीच. मी तो उचलून परत फेकला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी तिनं मारायला हात वर नेला आणि मारलाच नाही, मैत्रिणीला दिला. त्यानंतर तिनं मारायचं सोडूनच दिलं. थोड्या वेळानं मॅडमनी तिला बाहेर बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे त्यांच्या कोच. त्याही एके काळच्या खेळाडू, बोलतात त्या शिट्टी वाजवल्यासारखं.

मॅच संपल्यावर हॉलच्या दाराशी त्यांनी मला थांबवलं.

"काका, घरी प्रॅक्टिस करते का ती?"

"रोज. मी स्वतः उभा असतो. डाग पडत नाही बॉलला."

"कसला डाग?"

मी सांगितलं. त्यांना नीट कळलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी हिचा बॉल वरच्या दिव्यांना लागतो की काय असं वाटायचं. आता सपाट जातो. समोरच्यांना आयता मिळतो. दुःखात आहे, मला समजतं. म्हणून इतके दिवस थांबले. पण पुढच्या शनिवारी शेवटची मॅच आहे. तिच्या जागी मी एका उंच मुलीला उतरवणार. ती बेंचवर बसेल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीची टीम खेळणाऱ्यांतून निवडतात, काका. बसणाऱ्यांतून नाही." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "गुरुवारी प्रॅक्टिस आहे. बॉल वर गेलेला दिसला तर बघू."

बसमध्ये पोर खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला?"

"हो."

"शनिवारी जर्सी परत देणार आहे मी. बेंचवर बसून टाळ्या वाजवायला दुसऱ्या मुली आहेत."

"असं कसं? बॉल तर स्वच्छ येतो की आपला घरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "दमलेय मी बाबा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ब्रश वाळत घालायला मागं गेलो. आमचा खेळ चालायचा संध्याकाळी, एका पिवळ्या दिव्यात, आणि माझं लक्ष बॉलवर. सकाळच्या उन्हात त्या भिंतीकडं मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. कडीच्या बाजूला बायकोच्या रोलरचे ठसे होते. एकावर एक इतके की तिथं रंगाचा जाड पोपडा धरला होता. कडेला मोरपंखी, मधे गुलाबी, कुठं कुठं राखाडी. त्याच्या खाली, चांगलं दीड वीत खाली, दुसरा ठिपका होता. नुसता पिवळा. तो माझा.

हे दोन ठिपके मला नवीन नव्हते. पहिल्या संध्याकाळीही मी ते बघितले होते. पण वर तिचा आणि खाली माझा, यात मला काही वेगळं दिसलंच नाही. सगळा जन्म आमचं तसंच चाललं होतं. प्रत्येक भिंतीवर वरचं तिचं आणि खालचं माझं. ते माप आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दांडी तीच, रोलर तोच, उभं राहायची जागा तीच. पण ती धरणारा हात दीड वीत खाली होता. पोर इतके दिवस एका बुटक्या माणसाच्या वरून बॉल मारत होती आणि मी वर तिला शाबासकी देत होतो.

मी दांडी आणली. हात ताणला. टाचा उचलल्या. रोलर तिच्या ठशाच्या खालच्या कडेलाही पोचेना. एक उडी मारून बघितली, तेव्हा गुडघ्यात कळ आली आणि मी भिंतीला टेकलो.

"काय करताय?" पोर दारात होती, हातात चहाचे दोन कप.

मी नुसतं भिंतीकडं बोट केलं. तिनं वळून बघितलंही नाही. तेव्हा मला समजलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? बाबा, तुम्ही बुटके आहात?"

मला हसू आलं. तिलाही आलं. कप हिंदकळून चहा तिच्या पायावर सांडला, "आई गं" म्हणाली, आणि ते दोन शब्द तोंडातून गेल्यावर खाली पायरीवर बसून रडायला लागली. मी कप बाजूला ठेवले. तिच्याजवळ बसलो.

"तुम्ही त्या दिवशी अंथरुणातून उठला होता," ती म्हणाली. "इतक्या दिवसांनी. हातात दांडी घेऊन उभे होता, आणि रंग तुमच्या कपाळावर ठिबकत होता. मला वाटलं, मी काही बोलले तर तुम्ही परत जाऊन झोपाल."

"आणि मॅचमध्ये काय होणार ते?"

"ते कळत होतं. पण हाताला सवय लागत गेली. मी मुद्दाम वर मारायचा प्रयत्न करायचे, पण समोर तेवढं उंच काही नसलं की हात ऐकत नाही. आणि तुम्ही रोज बॉल फिरवून बघायचा आणि म्हणायचा, स्वच्छ."

मी उठलो. मग आत गेलो. माझी स्वतःची दांडी कोपऱ्यात पडून होती, आखूड, चौकटींच्या वरच्या कडेला पोचायला घ्यायचो ती. बायकोच्या दांडीच्या खालच्या टोकाला ती सुतळीनं घट्ट आवळून बांधली. बाहेर आणली, धरली, जरा सोडवून पुन्हा बांधली. रोलर बरोबर तिच्या ठशावर बसला तेव्हा गाठ पक्की केली. रोलरचा पिवळा रंग त्या पोपड्यावर उमटला.

"ये," मी म्हणालो.

पहिला बॉल रोलरवर आपटून माझ्या पाठीमागं गेला. दुसराही. जोडलेली दांडी मला पेलत नव्हती, वरून डुलायची.

"बाबा, तुमचा डिफेंडर पिऊन आलाय का?"

"तू बॉल मार. त्याचं मी बघतो."

"आई अशी झुलायची नाही."

"आई काय काय करायची नाही त्याची यादी नंतर कर. मार."

त्या रविवारी दुपारपर्यंत बॉल पिवळाधमक झाला. तिचे हात, माझा शर्ट, पायरी, सगळं पिवळं. सोमवारी मी कामावरून लवकर आलो. मंगळवारी माझे दंड इतके दुखत होते की घास तोंडाशी नेता येईना, तिनं पाठीला तेल चोळून दिलं. बुधवारी बॉल हातात घेऊन फिरवला, तर वाळलेल्या पिवळ्यावर नवे ओले डाग थोडेच होते. मी "स्वच्छ" म्हणालो नाही. म्हणालो, "इथं लागलाय बघ." तिनं बॉल घेतला आणि परत आपल्या जागेवर गेली.

गुरुवारी प्रॅक्टिसवरून ती आली.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"विचारलं, बॉल पिवळा का झालाय."

शनिवारी मॅच सुरू झाली तेव्हा ती बेंचवर होती. जर्सीवर जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून. तिच्या जागी उंच मुलगी खेळत होती, आणि चांगली खेळत होती. मला तिचा राग येत नव्हता. अर्धी मॅच गेली, मग आणखी गेली. मी हॉलचं छत बघत बसलो. एका कोपऱ्यात ओल आली होती, कुणीतरी नीट न खरवडता वरून रंग मारला होता. बायको असती तर तिथंच बोलली असती.

मग शिट्टी वाजली आणि गोंधळ झाला. उंच मुलीचा पाचवा फाउल होता. पाच झाले की बाहेर. ती रडत बाहेर आली. मॅडम बेंचकडं वळल्या. एकीकडून दुसरीकडं सगळ्या मुलींवर नजर फिरवली आणि मग परत मागं आणली.

"पावशेर. जॅकेट काढ."

ती आत गेली. बॉल जमिनीलगत ठेवून पुढं आणला. तिच्यासमोर तीच मुलगी आली, जिनं मागच्या वेळी बॉल माशीसारखा हाकलला होता की तिच्यासारखी दुसरी कुणी, मला खात्री नाही. उंच होती एवढं खरं. तिनं हात वर केला. माझ्या हातांनी आपोआप दांडी धरल्यासारखं केलं. पोर थांबली, तिचे गुडघे वाकले आणि बॉल गेला तो वर. त्या मुलीची बोटं ताणली गेली, टाचा उचलल्या गेल्या, आणि बॉल तिच्या बोटांच्या वरून, चांगला वरून गेला. मग रिंगवर पडला, एकदा उसळला, आणि बाहेर आला.

सगळा हॉल "अरेरे" म्हणाला. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

शेजारच्या माणसानं माझी बाही ओढली. "काका, खाली बसा. बॉल गेला नाही आत."

"वरून गेला," मी म्हणालो.

"अहो, पण आत नाही गेला."

"वरून गेला ना!"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जरा सरकून बसला. मी मॅडमकडं बघत होतो. आता त्या तिला बाहेर बोलावणार. पण त्यांनी तोंडातली शिट्टी काढली, खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून बसल्या. पोर शेवटपर्यंत आत होती. नंतर तिनं आणखी दोनदा मारला. एक आत गेला. आमची टीम थोडक्यात हरली.

बाहेर आली तेव्हा हातात घडी घातलेली जर्सी होती. ती तिनं मॅडमसमोर धरली. मॅडमनी घेतली नाही.

"घामानं भिजलेली माझ्याकडं कशाला देतेस? घरी नेऊन धू. पुढच्या वर्षी हीच घालायचीय." आणि पुढं गेल्या. मग दारातून वळून मला म्हणाल्या, "काका, तो डाग काय प्रकार आहे, एकदा दाखवा मला."

हॉल रिकामा होत होता. कुणाचा तरी बॉल घरंगळत आमच्याकडं आला. मी तो उचलला आणि सवयीनं फिरवून बघू लागलो, सगळ्या बाजूंनी.

"बाबा, तो कॉलेजचा बॉल आहे. त्याला कसा डाग पडेल?"

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि पुन्हा एकदा फिरवून बघितला.